आधी खूण सांगा

जाळी, दुर्बिणी, मोबाइल घेऊन चिखल तुडवत आलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

अध्यक्षपदासाठी माझी निवड केलीत, त्याबद्दल आभार मानतो. भर धान निसवण्याच्या दिवसांत घरातली कामं बाजूला ठेवून ज्यांनी आमच्या राहण्याजेवणाची सोय केली, त्या कोंढा-कोसऱ्याच्या गावकऱ्यांचे विशेष आभार. स्वागताध्यक्ष पवनी तालुक्याचा इतिहास सविस्तर सांगून गेले आहेत, म्हणून मी थेट विषयावर येतो.

अध्यक्षाने आपल्या क्षेत्राचा आढावा घ्यावा अशी रीत आहे. नागपूरच्या अजब बंगल्यातले, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयातले, ई. ए. डी'अब्रू यांनी १९३१ मध्ये मध्य प्रांतातल्या फुलपाखरांची यादी छापली. पुढे ऐंशी वर्षांनी, २०११ मध्ये, डॉ. आशिष टिपले यांनी विदर्भातल्या १६७ जातींची यादी प्रसिद्ध केली. २०१५ मध्ये महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू जाहीर केलं, असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. इथवर सगळं आनंदाचं आहे. पण ही झाली फुलपाखरं. भारतात फुलपाखरांच्या जाती सुमारे तेराशे, आणि पतंगांच्या दहा हजारांवर. त्या पतंगांसाठी आजही आपल्याला हॅम्पसनने १८९२ ते १८९६ या काळात लिहिलेले चार खंड उघडावे लागतात.

आढाव्याचं टिपण पुढे सहा पानं आहे. ते मी कार्यवाहांकडे देतो, कारण मला आज दुसरंच बोलायचं आहे. ते मनात ठेवून मी कितीतरी वर्षं अशा मेळाव्यांच्या मागच्या रांगेत बसलो. आपण एकमेकांना नाव सांगतो, खूण सांगत नाही. ही माझी तक्रार आहे.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट. शाळेच्या व्हरांड्यात सकाळी एक भला मोठा पतंग भिंतीला चिकटलेला होता. पाठीवर पिवळसर कवटीची छाप. मुलं लांब उभी होती. मी हात लावला तर तो उंदराच्या पिल्लासारखा चीं चीं ओरडला, आणि चौथीची अख्खी रांग मैदानात पळाली. पुढे मी वाचलं की हे पाखरू मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून मध पितं आणि त्याची अळी तिळाच्या पिकावर वाढते. तेव्हा मला काहीच ठाऊक नव्हतं. तो मेल्यावर मी तो कापसात गुंडाळला, खोक्यात घातला आणि एका मोठ्या शहरातल्या एका मोठ्या संस्थेकडे पोस्टाने पाठवला. सोबत दोन पानांचं पत्र. शेवटी विचारलं होतं, हा कशावरून ओळखायचा ते कृपया कळवावं.

चार महिन्यांनी पोस्टकार्ड आलं. त्यावर लॅटिनमधले दोन शब्द आणि खाली सही.

मी ते कार्ड मुलांना वाचून दाखवलं, फळ्यावर नाव लिहिलं. पुढच्या पावसाळ्यात तसाच पतंग पुन्हा आला. तीच कवटी, तोच आवाज. मी मोठ्या आत्मविश्वासाने ते नाव उच्चारलं. ते चुकीचं होतं. आपल्याकडे या कवटीवाल्यांच्या दोन जाती आहेत. भिंतीवर बसलेल्या असताना दोन्ही सारख्याच वाटतात, कारण खूण मागच्या पंखांवर असते आणि पुढचे पंख ती झाकून टाकतात. मागच्या पिवळ्या पंखाच्या बुडाशी मोठा काळा डाग असेल तर एक जात, नसेल तर दुसरी. ही एक ओळ त्या कार्डावर मावली असती. भरपूर जागा कोरी होती. ती ओळ मला अकरा वर्षांनी, एका जुन्या पुस्तकात सापडली. तोवर मी अकरा तुकड्यांना चुकीचं शिकवलं होतं. त्यातली काही मुलं आज इथे बसली आहेत.

त्या कार्डावरचं नाव अचूक होतं, एवढं मी मान्य करतो. पण अचूक नाव मिळूनही मला पुढचं पाखरू ओळखता आलं नाही, तर मला मिळालं काय?

आता खूण म्हणजे काय, ते मला कोणी शिकवलं ते सांगतो. आपल्या भंडारा जिल्ह्यात कोसा पाळणारी ढिवर मंडळी आहेत. आंधळगावची कोशाची साडी, करवत काठीचं लुगडं यांचं कौतुक आपण करतो. ते सूत एका पतंगाच्या अळीने काढलेलं असतं, हे किती जणांच्या मनात येतं? माझ्या ओळखीचे एक वृद्ध गृहस्थ ऐनाच्या झाडांवर कोसा पाळत. सगळे त्यांना बाबा म्हणत. अळ्या झाडावर असेपर्यंत ते घरी जात नसत, जंगलातच झोपडी, पायात वहाण नाही, हातात पक्षी हाकलायची गुलेल. एका भादव्यात मी त्यांच्याकडे चार रात्री राहिलो.

पहिल्या संध्याकाळी झोपडीत बियाण्याच्या कोशांच्या माळा टांगलेल्या होत्या. लहान अंड्याएवढे, राखाडी, कठीण कोष, प्रत्येकाला देठ आणि देठाच्या टोकाला काडीला घट्ट बसलेली कडी. अंधार पडू लागला तसं एका कोशाचं टोक आतून ओलं झालं. थोड्या वेळाने तिथून तपकिरी डोकं बाहेर आलं, मग चुरगळलेल्या चिंधीसारखे पंख. ते कोशालाच लटकून राहिलं आणि पंख हळूहळू उलगडत गेले. चारही पंखांवर एकेक पारदर्शक डोळा, काचेची टिकली लावावी तसा. कंदिलाचा उजेड त्यातून आरपार दिसत होता.

मी वही काढली आणि शास्त्रीय नाव लिहायला लागलो. बाबा म्हणाले, "गुरजी, नाव कायले लिवता? मिशा पाहा त्याच्या."

मी पाहिल्या. पिसासारख्या, रुंद. त्यांनी शेजारच्या माळेवरचा दुसरा दाखवला. त्याच्या मिशा अरुंद. "रुंद फणी त्या नराची. त्याले मादीचा वास दुरून घ्या लागते." मग म्हणाले, "याले तोंडच नाही. हा जेवत नाही. आठ दिवसांचा पाहुणा."

त्या चार रात्रींत त्यांनी मला सांगितलेलं मी अजून विसरलो नाही. अळी डोकं वर उचलून निश्चल बसली की कात टाकणार, तिला हात लावायचा नाही. ती अशी चारदा कात टाकते. झाडाखाली पडलेल्या लेंड्यांच्या आकारावरून वर अळी केवढी आहे ते कळतं. शेवटच्या दिवसांत रात्री झाडाखाली उभं राहिलं तर आभाळ कोरडं असतानाही पाऊस पडल्यासारखा टिपटिप आवाज येतो, तो लेंड्यांचा. बाबांना एकही शास्त्रीय नाव येत नव्हतं. पण चार रात्रींनंतर मी कोशाचा पतंग, त्याची अळी, नर-मादी, बरी अळी आणि आजारी अळी हे सगळं ओळखू शकत होतो, आणि दुसऱ्याला दाखवूही शकत होतो.

अशा माणसांना आपण आजवर एकाही मेळाव्यात बोलावलं नाही. मारुती चितमपल्लींनी नवेगावबांधच्या रानात राहून रानातल्या माणसांकडून शब्द वेचले, म्हणून मराठीत पाखरांची भाषा आली. आज ते आपल्यात नाहीत. त्यांचं नाव आपण प्रत्येक भाषणात घेतो. त्यांची पद्धत घेत नाही.

काल दुपारपासून या मंडपात तीन वाद चालले आहेत. त्यावर अध्यक्षाने मत द्यावं असा आग्रह झाला, म्हणून देतो.

पहिला वाद नावांचा. राज्य फुलपाखराला राणी पाकोळी म्हणावं की नीलवंत? जैवविविधता मंडळाने पावणेतीनशे फुलपाखरांना मराठी नावं दिली, ती चांगली की कृत्रिम? मला नावं प्रिय आहेत. हळदीकुंकू म्हटलं की पिवळं-तांबडं पाखरू डोळ्यासमोर येतं, कारण त्या नावातच खूण आहे. पण माझ्या वर्गातली एक मुलगी दोन पाखरांना "लिंबावरची" आणि "गोडलिंबावरची" म्हणायची. तिने स्वतः अळ्या वाढवल्या होत्या. लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते, डिवचली की डोक्यामागून वास मारणारं शिंग काढते, हे सगळं ती सांगायची. तिची नावं कुठल्याच यादीत नाहीत. तरी तिची ओळख पक्की होती, आणि तिच्या शेजारी बसणाऱ्या तिघींनाही ती आली.

दुसरा वाद मोबाइलवरच्या ओळखीचा. फोटो टाकला की यंत्र नाव सांगतं, मग माणसाची गरज काय, असं एका तरुण मित्राने विचारलं. गेल्या वर्षी माझ्या नातवाने परसातल्या एका तांबूस पाखराचा फोटो टाकला. यंत्र म्हणालं, प्लेन टायगर, म्हणजे आपल्या रुईवर वाढणारं ते. मी त्याला म्हटलं, मागच्या पंखावरचे काळे ठिपके मोज. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यावर तीन ठिपके असतात, नराला चौथाही. इथे मध्यावर काही नव्हतं, वरच्या कडेला एकच. ती डॅनेड एगफ्लायची मादी होती, रुईवाल्याचा वेष घेतलेली. रुईचा चीक खाऊन वाढलेलं पाखरू पक्ष्यांना नकोसं असतं, म्हणून हिने त्याचं रूप घेतलं. तिची अळी मात्र घोळभाजीवर वाढते, आणि आमच्या परसात घोळ माजलेली होती. पोराने यंत्र बाजूला ठेवलं आणि घोळीची पानं उलटीपालटी करायला बसला. यंत्र जरूर वापरा. पण त्याने नाव दिल्यावर स्वतःला विचारा, कशावरून?

तिसरा वाद जागा सांगाव्या की लपवाव्या. विकण्यासाठी पाखरं पकडणारे आहेत, म्हणून दुर्मीळ पाखराची जागा लपवा, माझी हरकत नाही. खूण लपवू नका. काही ज्येष्ठ निरीक्षक खूणही लपवतात, म्हणजे पुढच्याने पुन्हा त्यांच्याकडेच यावं. हे मी त्यांच्यासमोर बोलतो आहे. त्यातल्या दोघांना मी गुरुस्थानी मानतो, तरी बोलतो आहे.

शेतकऱ्यांना पाखरांत रस नसतो असंही काल कोणी म्हणालं. या गावच्या बांधावर चला. धानातल्या खोडकिड्याची मादी पिवळी असते आणि पुढच्या प्रत्येक पंखावर एकेक काळा ठिपका असतो, हे इथल्या बायका आपल्याला सांगतील. पांढऱ्या लोंब्या दिसायच्या आधी तो ठिपका दिसला पाहिजे, त्यावर त्यांचं पीक ठरतं. पतंग ओळखणारे लोक गावोगाव आहेत. आपण त्यांना निरीक्षक म्हणत नाही, एवढंच.

पुढच्या कामाविषयी. खुणांची एक वही व्हावी असं मला वाटतं. एका पानावर एक पाखरू, त्याच्यासारखं दिसणारं दुसरं, आणि दोघांतला फरक एका ओळीत, आपल्या बोलीत. झाडीबोलीत झाली तर अधिक चांगलं. ती कोणी लिहायची, छपाईचा खर्च कुठून येईल, हे कार्यकारिणीने बसून ठरवावं. कोसा पाळणाऱ्यांना पुढच्या मेळाव्यात पाहुणे म्हणून नव्हे, शिकवणारे म्हणून बोलवावं, एवढा ठराव आज झाला तरी मला समाधान आहे. माझं वय पाहता वही पूर्ण झालेली मी पाहीन की नाही, ठाऊक नाही. माझ्याजवळच्या खुणा मी सांगायला तयार आहे, कोणीही येऊन उतरवून घ्याव्या.

आज रात्री शाळेमागे, गोठ्याच्या बाजूला, आपण पांढरं कापड बांधणार आहोत. सरपंचांनी दोन बांबू आणि दिव्यासाठी तार दिली आहे; आठनंतर रस्त्यावरचा दिवा बंद ठेवायचंही कबूल केलं आहे. पतंग नऊपासून येऊ लागतील. माझी एक विनंती आहे. ज्यांना नावं येतात, त्यांनी पहिला अर्धा तास एकही नाव उच्चारू नये. मुलांना पुढे बसू द्या. त्यांना काय दिसतं ते त्यांना सांगू द्या, मिशा कशा आहेत, पंख कौलासारखे मिटलेत की पसरलेत, ठिपके किती. मी चटई घेऊन साडेआठला तिथे येतो.