पायथ्याशी विचारलेला प्रश्न



सकाळपासून मला एकच प्रश्न विचारला जातोय, “काय गं, कळसूबाईच्या शिखरावर लग्नाची मागणी आली म्हणे?” तेव्हा माईकवरूनच सांगते. शिखरावर नाही. पायथ्याशी, बारी गावात, चहा पिताना.

माझं वय पंचावन्न. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, लेक पुण्यात नोकरीला आहे. रविवारी देवगिरी चढणारा आमचा एक गट आहे. तोच देवगिरी, जिथल्या अंधारीत शाळेच्या सहलीत आपण एकमेकींचे हात धरून किंचाळलो होतो. हे त्या गटातलेच. त्यांची पत्नीही आजारपणात गेली. या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अकरा जण संगमनेर, अकोलेमार्गे बारीला गेलो.

कळसूबाई म्हणजे १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत. वर देवीचं छोटं देऊळ, खाली भंडारदऱ्याचं पाणी, समोर अलंग, मदन, कुलंग. अशा जागी गुडघा टेकून अंगठी काढायची, भोवतीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, अशी आता पद्धत आहे. तरुणांना ती शोभतेही.

यांनी मात्र खाली उतरल्यावर विचारलं. मी म्हटलं, “वर का नाही विचारलंत?” ते म्हणाले, “तुम्हाला नको असतं, तर त्याच शिड्या माझ्यासोबत उतराव्या लागल्या असत्या. इथे दोन गाड्या आहेत. तुम्ही दुसरीत बसू शकता.”

मी दुसऱ्याच गाडीत बसले. विचार करायला मला तीन आठवडे लागले.

कळसूबाईची दंतकथा तुम्हाला माहीत असेल. काळसू नावाची मुलगी पाटलाघरी कामाला राहिली ती अट घालून : केर-भांडी करणार नाही. एके दिवशी अट मोडली गेली आणि ती डोंगरावर निघून गेली. मीही दोन अटी घातल्या. माझं घर विकायचं नाही, आणि यांच्या आधीच्या माझ्या माणसाचा फोटो भिंतीवरून उतरणार नाही. त्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “शेजारी तिचा लावू का?”

विधवाविवाहाचा कायदा १८५६चा. तरी १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी विधवा गोदूबाईंशी लग्न केलं, तेव्हा मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकलं. मला कुणी वाळीत टाकलेलं नाही. पण दीर बोलत नाहीत, आणि लेक पहिल्यांदा फोनवर खूप रडली. परवा तिनेच विचारलं, “आई, साडी घेतलीस का?”

विशेष विवाह कायद्याखाली आम्ही नोटीस दिली आहे. तीस दिवस पुढच्या आठवड्यात पूर्ण होतात.

आपल्या वर्गात आज एकटे राहणारे बरेच आहेत. कुणाला काही विचारायचं मनात असेल, तर या वयात लाजू नका, विचारा. फक्त समोरच्याला ‘नाही’ म्हणून सुखाने घरी जाता येईल, अशा जागी विचारा.

बाई, लग्नाला तुम्ही यायचंच. नोंदणी कार्यालय तळमजल्यावर आहे, चढण नाही.