शिक्षणाचे ऋण आणि ज्ञातीचे कर्तव्य
(वार्षिक संमेलनातील भाषण)



प्रतिवर्षी या व्यासपीठावर पेण व रोहे परिसरातील गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो. टाळ्यांच्या गजरात विद्यार्थी पुष्पगुच्छ घेऊन घरी जातो. त्याच घरी प्रशस्तिपत्राशेजारी बँकेचे कर्जपत्रही ठेवलेले असते; परंतु त्याविषयी चारचौघांत कोणी बोलत नाही. आज त्याविषयी बोलण्याची आम्ही आपली अनुज्ञा मागतो.

विद्येसाठी ऋण काढण्यात कमीपणा नाही. आपल्याच जिल्ह्यातील नाते गावी १८९६ मध्ये जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत पहिले आले, जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचे मानकरी ठरले आणि पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले. तसे यश एखाद्याच्याच वाट्यास येते. जमशेटजी टाटा यांनी १८९२ मध्ये उच्च शिक्षणासाठी निधी स्थापिला, त्यातून मिळणारी शिष्यवृत्तीदेखील कर्जाऊच असते. लाज ऋणाची नसावी. त्याचा हिशेब न ठेवण्याची असावी.

ऋणाचा व्यवहार पेणकरांस नवा नाही. गणेशमूर्तींचे कारखानदार हंगामापूर्वी उसनवारी करून माती व रंग भरतात आणि मूर्ती विकल्या गेल्या की देणे भागवितात. शिक्षणाच्या कर्जात मात्र पीक हाती येण्यास वर्षे लागतात, आणि त्या वर्षांत व्याज निमूटपणे वाढत राहते. बहुतेक योजनांत अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता मागितला जात नाही. हप्ता नाही म्हणजे व्याज नाही, अशी समजूत करून घेणे हेच अनेक घरांच्या संकटाचे मूळ होय.

एक उदाहरण घेऊ. चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षी आरंभी दीड लाख याप्रमाणे सहा लाख रुपये १० टक्के सरळ व्याजाने उचलले. पाचव्या वर्षाच्या अखेरीस व्याज २ लाख १० हजार होते व देणे ८ लाख १० हजारांवर जाते. ते दहा वर्षांत फेडावयाचे तर मासिक हप्ता सुमारे १०,७०० रुपये पडतो. तेच व्याज वेळच्या वेळी भरले असते, तर हप्ता सुमारे ७,९०० रुपयांवर राहिला असता. पहिल्या वर्षी हे व्याज दरमहा केवळ १,२५० रुपये असते; चौथ्या वर्षी मात्र ते ५,००० होते. हप्ता हलका करण्यासाठी मुदत पंधरा वर्षांची केली, तर तो सुमारे ८,७०० होतो खरा. पण एकूण भरणा पावणेतीन लाखांहून अधिक वाढतो.

म्हणून घरोघरी तीन गोष्टी व्हाव्यात. पहिली, कर्ज काढण्यापूर्वी सरकारी सवलतींची चौकशी करावी. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेत, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबातील पात्र विद्यार्थ्यास, निवडक संस्थांतील शिक्षणासाठी दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतकाळात ३ टक्के व्याजसवलत मिळू शकते. दुसरी, हाती जास्तीचा पैसा येताच मुद्दल कमी करावे. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या व्याजदराच्या कर्जास मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो. पेणच्या कारखानदाराने हंगामाच्या कमाईतून आणि धाटावच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्याने बोनसातून हा वाटा आधी बाजूस काढावा. तिसरी, नोकरी लागली नाही किंवा सुटली, तर हप्ता चुकण्यापूर्वीच शाखेत लेखी अर्ज करून मुदतवाढ मागावी. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते आणि विद्यार्थ्याबरोबर सहकर्जदार पित्याचीही पत जाते. तोंड लपविल्याने देणे लपत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट घरातील मोकळेपणाची. आईबापांनी कर्जाचा आकडा मुलापासून लपवू नये आणि मुलानेही पगाराचा आकडा आईबापांपासून लपवू नये. मुलीच्या शिक्षणाचे कर्ज तिच्या विवाहाआधी घाईने फेडलेच पाहिजे, हा आग्रहही सोडावा. ती कमावती आहे. तिचे ऋण तिच्या विद्येचे आहे. सोयरीक जुळविणाऱ्यांनी ते दूषण मानू नये.

आता ज्ञातिसंस्थेविषयी. संस्थेने कोणाचे सगळे कर्ज फेडावे, असे आम्ही म्हणत नाही. ते तिच्या आवाक्याबाहेरचे आहे. परंतु सत्काराच्या शाली आणि पुष्पगुच्छांवरील खर्चात काटकसर करून एक व्याजनिधी उभारावा. गरजू विद्यार्थ्यांचे शिक्षणकाळातील व्याज त्यातून भरावे आणि नोकरी लागल्यावर त्यांनी तेवढीच रक्कम बिनव्याजी परत करावी. दहा विद्यार्थ्यांच्या पहिल्या वर्षाच्या व्याजास, वरील हिशेबाने, दीड लाख रुपये पुरतात. पुढील वर्षांत हा आकडा वाढत जाईल, हे ओळखून आरंभ लहान करावा, पण करावा. मदत घेणाऱ्याचे नाव जाहीर करू नये. जमाखर्च मात्र दरवर्षी या स्मरणिकेत छापावा.

एकाने परत केलेला रुपया दुसऱ्याच्या फीस लागावा, यात दान नाही आणि उपकारही नाही. ते आपलेच आपल्याशी असलेले देणे आहे. कार्यकारी मंडळाने हा ठराव आगामी सभेपुढे ठेवावा, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.