मागून बसलेली पिकअप कमी खर्चात वर कशी घ्यायची? (आणि मी काय चुकलो)

गाडी चालवत ऐकत असाल तर मोबाईलला हात लावू नका, नुसतं ऐका. आकडे लक्षात राहिले नाहीत तरी चालेल, सगळा एपिसोड इथे लिहून ठेवलाय.

आजचा विषय बऱ्याच जणांनी विचारला होता. पिकअप मागून बसलीय, माल भरला की नाक वर जातं, खड्ड्यात टायर वर घासतो. नवीन पाट्यांचा पूर्ण सेट टाकायला पैसे नाहीत. मग स्वस्तात गाडी वर कशी घ्यायची? याचं उत्तर मी देऊ शकतो, कारण मी ते आधी चुकीचं करून बसलोय.

आमचं घर ओतूरजवळ. घरची एक जुनी पिकअप आहे, सेकंडहँड घेतलेली, मागे पाटे. टोमॅटोच्या सीझनला आप्पा आणि मी माळशेज उतरून कल्याणला माल नेतो. दोन वर्षांपूर्वी गाडी मागून फारच बसायला लागली. मी मोबाईलवर चार व्हिडिओ पाहिले, एका गॅरेजमध्ये गेलो आणि म्हटलं, "वर घ्या." त्यांनी एक्सल आणि पाट्यांच्या मध्ये दोन इंचाचे ठोकळे बसवले, वर एकेक जाड पाटा टाकला. अर्ध्या दिवसात काम झालं. रिकामी गाडी अशी भारी दिसत होती की मी लगेच स्टेटस ठेवलं.

चौथ्या दिवशी रात्री माल भरून घाट उतरत होतो. दोन-तीन वळणं झाली आणि ब्रेक मारला की गाडी नाकावर यायला लागली. मागची चाकं जणू धरतच नव्हती. मग जळका वास आला. मग पेडल मऊ लागायला लागलं, पाय खाली खाली जायचा. आप्पा शेजारी होते. ते ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले, "दुसऱ्यावर टाक. ब्रेक सोड, परत मार." इंजिनावर गाडी हळू करत, हँडब्रेक ओढत कशीबशी डोंगराच्या बाजूला रुंद जागेत थांबवली. माझे हात थरथरत होते. आप्पा खाली उतरले, चाकांकडे पाहिलं आणि म्हणाले, "माल उशिरा जाऊ दे. आधी तू गाडीला काय केलंयस ते सांग."

दुसऱ्या दिवशी आळेफाट्याला एका जुन्या पाटेवाल्या मामांकडे गेलो. ते गाडीखाली शिरले आणि दोन मिनिटांत बाहेर आले. म्हणाले, "पोरा, गाडीला वाटतंय ती रिकामी आहे."

म्हणजे काय? बऱ्याच पिकअपना मागच्या एक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो, लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. त्याची एक दांडी किंवा स्प्रिंग एक्सलला जोडलेली असते. माल भरला की चासी खाली येते, दांडी हलते, व्हॉल्व्हला कळतं की वजन आहे, आणि तो मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर देतो. गाडी रिकामी असली की प्रेशर कमी करतो, नाहीतर मागची हलकी चाकं लॉक होऊन गाडी फिरेल. मी गाडी दोन इंच वर घेतली, पण दांडी तशीच ठेवली. दीड टन माल असताना व्हॉल्व्ह समजत होता की गाडी रिकामी आहे. सगळा भार पुढच्या ब्रेकवर. ते तापले, ऑइल तापलं, पेडल मऊ झालं.

म्हणून पहिली गोष्ट. मागची उंची कशानेही बदलली, तर हा व्हॉल्व्ह आहे का ते बघायचं आणि कंपनीच्या मापाने सेट करून घ्यायचा. ब्रेकचा पाइप ताणला जात नाही ना, तेही बघायचं. हे न करणाऱ्या गॅरेजमध्ये काम करू नका, फुकट दिलं तरी नको.

आता उपाय. मामांनी ज्या क्रमाने सांगितलं त्याच क्रमाने सांगतो.

सगळ्यात आधी मोजायचं, याला शून्य रुपये लागतात. सपाट जागेवर गाडी उभी करा, टायरमधली हवा बरोबर करा. चाकाच्या मधोमधपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजा. चारही चाकं, आधी रिकामी, मग नेहमीचा माल भरून. लक्षात घ्या, रिकामी पिकअप मागून थोडी उंच असणं हा दोष नाही. कंपनी मुद्दाम तशी ठेवते, म्हणजे माल भरल्यावर ती सरळ होते. म्हणून 'लेव्हल' बघायची ती माल भरून. आणि डावी-उजवीत फरक असेल तर तो उंचीचा प्रश्न नाही, बहुतेक एखादा पाटा तुटलाय किंवा बुश गेलाय.

दुसरं, धुवून बघा. पाटे स्वच्छ धुवा, टॉर्च मारा. मधल्या सेंटर बोल्टच्या भोकाजवळ चीर आहे का? शॅकलचे बुश घासलेत का? आमच्या गाडीत खालून दुसरा पाटा तुटलेला निघाला! म्हणजे मी तुटलेल्या पाट्यावर ठोकळे ठेवून वर घेतलं होतं.

तिसरं, पाट्यांना पुन्हा कमान देणं. बसलेले पाटे काढून त्यांना मूळ बाक देतात. जुन्या गाडीसाठी हा सगळ्यात परवडणारा मार्ग. पण पाटा लाल करून वाकवला आणि तसाच सोडला, तर पोलाद मऊ पडतं आणि दोन महिन्यांत परत बसतं. तापवलं तर नीट पाणी देऊन, म्हणजे परत कडक करून, मग बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा काढायला लागतो. हे काम येणाऱ्याकडेच द्या.

चौथं, एक पाटा वाढवणं. इथे एक गणित आहे. पाट्याची जाडी वाढली की कडकपणा तिच्या घनाच्या हिशोबाने वाढतो. ८ मिलिमीटरच्या जागी त्याच लांबी-रुंदीचा १० मिलिमीटरचा पाटा घेतला, तर तो एकटा जवळपास दुप्पट कडक होतो. रिकाम्या गाडीत दात वाजतात ते यामुळे. जुन्याच जाडीचा पाटा मागा.

पाचवं, लांब शॅकल. स्वस्त, पण हिशोब अर्धा धरा. शॅकल दोन इंच लांब केला तर गाडी साधारण एक इंचच वर येते. एक्सलही थोडा फिरतो, त्यामुळे प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो. गाडी थरथरायला लागली, क्रॉस लवकर जायला लागले, तर कारण हेच.

सहावं, ठोकळे. एक इंचाचा ठोकळा म्हणजे एक इंच उंची, सरळ हिशोब. मागच्या एक्सलला, एकच ठोकळा, लोखंडी, यू-बोल्ट नवीन आणि योग्य लांबीचे. एकावर एक ठोकळे रचायचे नाहीत, लाकडाचे तर मुळीच नाहीत. आणि पुढच्या पाट्यांखाली ठोकळा कधीच नाही. ब्रेक मारल्यावर पुढे सगळा जोर येतो, ठोकळा तिथे सरकला तर स्टिअरिंग तुमच्या हातात राहणार नाही. काम झाल्यावर काहीशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट परत आवळून घ्या.

आता व्ही-क्रॉस, हायलक्सवाल्या मित्रांसाठी. तुमच्याकडे पुढे कॉइल स्प्रिंग आणि मागे पाटे आहेत. रिकाम्या गाडीचं नाक खाली वाटतं म्हणून पुढे स्पेसर टाकायची इच्छा होते. स्पेसर स्ट्रटच्या वर बसतो, त्यामुळे चाकाशी त्याचा फरक जवळपास दुप्पट पडतो. अर्धा इंच स्पेसर, एक इंच उंची. जास्त केलं की बॉल जॉइंट आणि फोर-बाय-फोरमध्ये ड्राइव्ह शाफ्ट वाकड्या कोनात चालतात. आणि व्हील अलाइनमेंट करावीच लागते, तो खर्च आधीच धरा. काहीही केलं तरी शेवटी हेडलाइट भिंतीवर मारून खाली सेट करा. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात लाइट गेला तर तो तुमच्याच अंगावर येईल.

कायद्याचं पण बोलू. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत कंपनीच्या मूळ मापापेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलंय. परवानगीबाहेरच्या बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. बसलेले पाटे मूळ उंचीला आणणं ही दुरुस्ती झाली. त्याच्या वर जायचं असेल तर आधी आरटीओत विचारा.

आणि आता खरा मुद्दा. आमची गाडी बसली का? पाटे जुने होते म्हणून, आणि आम्ही जास्त भरत होतो म्हणून. गाडी वर घेतली म्हणजे तिची ताकद वाढत नाही. एक्सल तोच, बेअरिंग तेच, टायर तेच, ब्रेक तेच. आरसी बुक काढा. एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. समजा २,९०० मधून १,६०० गेले, राहिले १,३०० किलो. दोन माणसांचे १४० काढा, राहिले ११६०. भरलेलं क्रेट २२ किलोचं धरलं तर ५२ क्रेट. आम्ही ७० भरायचो! ओव्हरलोडचा दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० आहे. पण मला आता दंडापेक्षा माळशेजचं ते वळण जास्त आठवतं.

शेवटी आम्ही काय केलं? ठोकळे आणि जाड पाटे काढले. तुटलेला पाटा बदलला, बाकीच्यांना कमान दिली, बुश आणि यू-बोल्ट नवे, व्हॉल्व्ह सेट केला. ६,५०० रुपये लागले. आधीचे गेले ते वेगळेच. गाडी पहिल्यासारखी उंच दिसत नाही. माल भरला की सरळ उभी राहते, बस्स.

आता घाटाच्या आधी आप्पा स्वतः उतरतात, चारही टायरना लाथ मारून बघतात, मग खाली वाकून त्या दांडीकडे बघतात. पूर्वी मला हसू यायचं. आता टॉर्च मी धरतो.

तुमच्या गाडीची चार मापं काढा, रिकामी आणि भरलेली, आणि मला पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही गाड्यांबद्दल बोलू. तोपर्यंत उतारावर गिअरमध्येच राहा. भेटूया!