मेणाचा हात

राजापेठेतून बोलतोय. मागून चौकातले हॉर्न ऐकू येतील, तेवढं सांभाळून घ्या.

आजचा किस्सा घरचाच आहे. दीड वर्षापूर्वी बाबांना लकवा मारला. जीव वाचला, चालायलाही लागले, पण उजवा हात काही उठेना. घराबाहेर पडले की हात पँटच्या खिशात. चौकात कोणी "भाऊ, हात कसा हाय आता?" विचारलं की रस्ता बदलायचे. मग बाहेर पडणंच बंद झालं.

सप्टेंबरात मुंबईहून मावशीचा फोन आला. "वांद्र्याला मोत माउलीची जत्रा लागली आहे, भाऊजींना घेऊन ये." बाबा चिडले. "आपली अंबादेवी सोडून तिकडं कायले जायचं?" आई म्हणाली, "सोडून कोन म्हनते? तिचीच बहीन समजा. अन् मुंबई पाहून होईन."

संध्याकाळी अमरावती-मुंबई एक्सप्रेस पकडली, सकाळी दादरला उतरलो, तिथून लोकलनं वांद्रे. परतीची गाडी त्याच रात्रीची. म्हणजे हातात एकच दिवस.

माउंट मेरीचं हे चर्च टेकडीवर आहे. कोळी बांधव तिला मोत माउली म्हणतात. ८ सप्टेंबर हा मरियेचा जन्मदिवस. त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा चालते. आताची दगडी इमारत १९०४ ची, पण मूर्ती त्याहून कितीतरी जुनी, पोर्तुगीजांच्या काळातली.

चढावर दोन्ही बाजूंनी दुकानं. झेंडूचे हार, मेणबत्त्या, आणि मेणाचे अवयव! पाय, डोळे, हात. ज्याला घर हवं तो मेणाचं घर घेतो, मूल हवं तो मेणाचं बाळ. आईनं एक हात उचलला. दुकानदारीण सहज म्हणाली, "उजवा की डावा?" जसं चपलेचा नंबर विचारावा तसं.

बाबा क्षणभर गप्प. मग म्हणाले, "उजवा."

रांगेत मावशीनं मूर्तीची गोष्ट सांगितली. १७०० साली अरब चाचे आले आणि सोनं समजून त्यांनी मूर्तीचा उजवा हातच तोडला, असं सांगतात. बाबा ऐकत राहिले. "हिचाही उजवाच?" एवढंच बोलले.

आत गेलो तेव्हा माझं लक्ष गेलं. बाबांचा हात खिशाबाहेर होता. कोणी पाहतही नव्हतं. पाहणार कोण? पुढच्या बाईच्या हातात मेणाचा पाय, मागच्या पोराच्या हातात मेणाचं घर. तिथं प्रत्येकजण आपलं दुखणं उघड हातात धरूनच उभा होता.

चमत्कार झाला का? नाही, मंडळी. हात अजून खांद्यापर्यंत जात नाही. फिजिओथेरपी रोज चालू आहे, आणि ती सोडू नका, हे मी हात जोडून सांगतो.

पण परवा चौकात कोणीतरी विचारलं, "भाऊ, हात कसा हाय?" बाबांनी हात खिशातून काढला, दाखवला. म्हणाले, "हळूहळू येते. चाल, चहा घेऊ."

तुमच्या घरी असं कोणी खिशात हात घालून बसलंय का? आज त्यांच्याजवळ जरा बसा. भेटू पुढच्या भागात!