न्यायमूर्ति विल्यम गॅस्टन
(महोत्सवानिमित्त दिलेलें व्याख्यान)



महोत्सवप्रसंगीं संतांचीं चरित्रें सांगण्याचा प्रघात आहे. आज आम्ही एका वकिलाचें चरित्र सांगणार आहों. ते संत नव्हते, हें आधींच सांगून ठेवतों.

विल्यम गॅस्टन यांचा जन्म १७७८ सालीं अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलायना राज्यांत झाला. स्वातंत्र्ययुद्धांत राजपक्षीयांनीं त्यांच्या पित्यास ठार केलें. मातेनें मुलास कॅथोलिक श्रद्धेंत वाढविलें. बिशप जॉन कॅरल यांनीं स्थापिलेल्या जॉर्जटाऊन विद्यालयाचे ते पहिले विद्यार्थी. १७९८ त वकिलीची सनद, १८०० त राज्याच्या सिनेटांत प्रवेश, १८०८ त कनिष्ठ सभागृहाचें अध्यक्षपद, पुढें काँग्रेसचें सभासदत्व, अशी त्यांची चढती कमान होती.

परंतु राज्याच्या १७७६ च्या संविधानांत ३२ वें कलम होतें: प्रॉटेस्टंट धर्माचें सत्यत्व नाकारणारास अधिकारपद धारण करतां येणार नाहीं. १८३३ मध्यें विधिमंडळानें गॅस्टन यांस सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश निवडलें, तेव्हां हें कलम आडवें आलें. त्यांनीं श्रद्धा लपविली नाहीं, सोडलीहि नाहीं. कलमाचे शब्द संदिग्ध असून कॅथोलिकास ते बाध आणीत नाहींत, असा अर्थ लावून त्यांनीं पद स्वीकारलें. ही वकिली पळवाट होय, असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. कारण १८३५ च्या संविधानपरिषदेंत त्याच कलमावर त्यांनीं उघडपणें प्रदीर्घ भाषण केलें. पद त्यांस आधींच मिळालें होतें. तरी त्यांचें मागणें स्वतःच्या पंथापुरतें नव्हतें. धर्माची अटच नको, असें त्यांचें म्हणणें. परिषदेनें मात्र ‘प्रॉटेस्टंट’च्या जागीं ‘ख्रिस्ती’ हा शब्द घातला. आमच्या लोकांस दार उघडलें, यहुद्यांस तें १८६८ पर्यंत बंदच राहिलें. त्याच परिषदेनें स्वतंत्र कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेतला. गॅस्टन यांचा विरोध व्यर्थ गेला.

आतां कटु गोष्ट. १८३२ मध्यें चॅपल हिल येथें विद्यार्थ्यांपुढें गुलामगिरीचा निषेध करणारे हे गृहस्थ स्वतः गुलामांचे धनी होते. ह्याचें समर्थन आम्हांस करतां येत नाहीं, व करूंहि नये.

तथापि न्यायासनावर त्यांनीं केलें तें लहान नाहीं. विल नांवाचा गुलाम पळत असतां मुकादमानें त्याच्या पाठींत गोळी घातली. पुढें झालेल्या झटापटींत विलच्या चाकूनें मुकादम मेला. खालच्या न्यायालयानें विल यास खुनी ठरविलें. १८३४ मध्यें गॅस्टन यांनीं निर्णय दिला कीं, हा खून नव्हे, सदोष मनुष्यवध होय. कारण प्राणभयानें उसळणारा क्षोभ गुलामासहि होतो. विलचा गळफांस टळला. १८३८ मध्यें मॅन्युएल खटल्यांत त्यांनीं सांगितलें कीं, राज्यांत जन्मलेला गुलाम मुक्त होतांच राज्याचा नागरिक होतो.

१८४४ च्या जानेवारींत रॅले येथें गॅस्टन वारले. तेरा वर्षांनीं, ड्रेड स्कॉट खटल्यांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमतानें कृष्णवर्णीयांचें नागरिकत्व नाकारलें, तेव्हां न्यायमूर्ति कर्टिस यांनीं आपल्या विरोधी निकालपत्रांत मॅन्युएल खटल्याचाच आधार घेतला.