साठात छप्पन्नावा

बिबवेवाडीतून बोलतोय, कुकरची शिट्टी व्हायच्या आत रेकॉर्ड करतोय.

उदयन माने. आपल्या पुण्याचा प्रोफेशनल गोल्फर. टोकियो ऑलिंपिकला पुरुषांत फक्त ६० जण, आणि क्रमवारीत हा बाहेर. मग अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोने माघार घेतली आणि जुलै २०२१ मध्ये, स्पर्धा तोंडावर असताना, राखीव मानेला बोलावणं आलं. गेला, चार दिवस खेळला, ५६वा आला.

मी तेव्हा ग्रुपवर टाकलं होतं, 'साठात छप्पन्नावा, वा रे पठ्ठे!' भरपूर हसणाऱ्या इमोजी आल्या. सहाच दिवसांनी अदिती अशोक चौथी आली. त्या शनिवारी सकाळी अख्खा देश बर्डी म्हणजे काय ते गूगल करत होता. मानेला सगळे विसरले.

गोल्फ म्हटलं की आपल्याला श्रीमंती दिसते. येरवड्याच्या पूना क्लबच्या कोर्सजवळून आपण बाइकवर जातो, बस तेवढीच ओळख. पण प्रोला पगार नसतो हो! टूरवर बहुतेक ठिकाणी दोन दिवसांनी कट लागतो. तो हुकला की बक्षिसाचे पैसे नाहीत, आणि प्रवास, हॉटेल, कॅडी खिशातून.

गेल्या वर्षी मी चार महिने बेंचवर होतो. रोज लॅपटॉप उघडायचा, कोर्स करायचे, मेलची वाट बघायची. शेवटी कुणीतरी नोकरी सोडली म्हणून प्रोजेक्ट मिळाला. एकाने विचारलं, "म्हणजे रिप्लेसमेंट का?"

त्या रात्री तो जुना मेसेज शोधला. आता सगळ्यांसाठी डिलीट होत नाही.

झाली शिट्टी. चला, भेटू.