शिरेतील जीवनसत्त्वे आणि कायद्याची नजर

वरूडच्या बाजारात संत्र्यांचे ढीग लागतात, तेव्हा ‘क’ जीवनसत्त्व तेथे टोपल्यांनी विकले जात असते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने 2020 साली या जीवनसत्त्वाची प्रौढ पुरुषाची रोजची गरज 80 मिलिग्रॅम व स्त्रीची 65 मिलिग्रॅम ठरविली. दोन-तीन संत्री ती बहुतांशी भागवितात. तरीही वऱ्हाडातील गावोगावी ‘अंगात त्राण नाही, एक बाटली लावून द्या’ असा हट्ट डॉक्टरांपाशी धरला जातोच. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत याच हट्टाला नवे रूप आले आहे. तेथे निरोगी माणसे कांतीसाठी व उत्साहासाठी जीवनसत्त्वांचे द्रावण शिरेतून घेतात.

शिरेतून द्रव देण्याची विद्या थोर आहे, यात शंका नाही. 1832 साली थॉमस लाटा या डॉक्टराने स्कॉटलंडमधील लीथ येथे पटकीच्या रोग्यांना क्षारजल देऊन काहींना मृत्यूच्या दारातून परत आणले. परंतु अर्ध्या लिटर सलाईनमध्ये असते ते साडेचार ग्रॅम मीठ. तेवढ्याच पाच टक्के ग्लुकोजमध्ये 25 ग्रॅम साखर, म्हणजे जेमतेम पाच चमचे! ज्याला अन्नपाणी पचते, त्याला ही शक्ती तोंडावाटे सहज मिळू शकते. गरजेहून अधिक ‘ब’ व ‘क’ जीवनसत्त्वे बहुतांशी मूत्रावाटे निघून जातात. मात्र उपद्रव मागे राहू शकतो: शिरेचा दाह, जंतुसंसर्ग, हृदयरोग्यास अधिक पाण्याचा भार, आणि ‘क’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने मूत्रपिंडास इजा. अमेरिकेत 2018 साली फेडरल ट्रेड कमिशनने टेक्सासमधील अशाच एका कंपनीवर कारवाई केली. कर्करोग व मधुमेहासारख्या व्याधींवर आपली द्रावणे गुणकारी आहेत, असा तिचा निराधार दावा होता.

आपल्याकडे कायदे नाहीत, असे नाही. द्रावणाची शुद्धता 1940 च्या औषधविषयक कायद्याखाली येते. नोंदणी नसताना वैद्यकी करणे हा महाराष्ट्रात 1961 च्या अधिनियमान्वये गुन्हा आहे. शुश्रूषागृहांची नोंदणी 1949 च्या अधिनियमाने सक्तीची केली. 2021 च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी लावणेही बंधनकारक केले. परंतु या अधिनियमातील शुश्रूषागृहाची व्याख्या आजारी, जखमी वा अशक्त माणसांच्या उपचारस्थानाची आहे. खुर्चीवर बसून तासाभरात उठून जाणारा निरोगी गिऱ्हाईक तीत कितपत बसतो? केंद्राचा 2010 चा रुग्णालयविषयक कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. आजाऱ्यासाठी रचलेला कायदा निरोग्याच्या दाराशी अडखळतो, ही खरी उणीव होय.

ती भरून निघेपर्यंत गृहस्थाने स्वतःच पहारेकरी व्हावे. सुई लावणाऱ्याची नोंदणी कोणत्या परिषदेकडे आहे? कोणती उणीव कोणत्या तपासणीत आढळली? बाटलीवर घटक व मुदतीची तारीख छापली आहे काय? अंग चढले, श्वास लागला, तर तात्काळ उपचाराची सोय आहे काय? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, तर उठून यावे आणि वाटेत संत्री घ्यावीत. खऱ्या रोग्याला मात्र सुईचे भय घालू नये. पटकीत वा सतत वांत्या होत असता तीच बाटली प्राण वाचविते. औषध हे गरजवंताचे; हौसेचे झाले, की त्याचे मोल आणि त्याचा धाक दोन्ही जातात.